व्हॉल्व्ह कोणता घेऊ?

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीनंतर टीममधला एक नवा मुलगा माझ्या डेस्कपाशी आला. मूळचा लातूरचा. चारचौघांत इंग्रजी झाडतो, पण माझ्यापाशी आला की "काय करायलात दादा?" असं विचारतो, म्हणून मला आवडतो. त्यानं नुकताच एक छोटा व्हॉल्व्हचा हेडफोन अँप घेतलाय. आता त्यातले चिनी व्हॉल्व्ह काढून "काहीतरी भारी" टाकायचंय. मोबाइलवर त्यानं एक जोडी दाखवली. साठच्या दशकातली, इंग्लंडमध्ये बनलेली, जुन्या खोक्यासकट. किंमत त्याच्या अँपच्या दुप्पट.

"घेऊ का?"

"नको."

"मग गावाकडं आजोबांचा जुना रेडिओ पडून आहे. त्यातले काढून बसवू?"

यावर मी जरा जास्तच जोरात "नको!" म्हणालो. शेजारच्या क्युबिकलमधली दोन डोकी वर आली. पोरगं बिचारं गोंधळून परत गेलं. दोन्ही "नको"ची कारणं लिफ्टमध्ये सांगण्यासारखी नव्हती, म्हणून हा शनिवार त्याच्या नावानं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. व्हॉल्व्ह निवडताना आधी अँपचं सर्किट बघावं, मग आपला हेडफोन, मग त्या व्हॉल्व्हची तब्येत, आणि सगळ्यात शेवटी त्यावर छापलेलं नाव. बहुतेक जण (एके काळी मीसुद्धा) बरोब्बर उलट्या क्रमानं जातात. दुसरं मत, ज्याबद्दल मी हट्टी आहे: चालू रेडिओतला व्हॉल्व्ह काढू नये. कशासाठीही. त्याची गोष्ट शेवटी सांगतो, कारण तिच्यात मी काही फार चांगला दिसत नाही.

ज्यांनी व्हॉल्व्ह बघितलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बोटाएवढी काचेची नळी, आतली हवा काढून घेतलेली. मधोमध हीटर. तो कॅथोडला तापवतो, तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि प्लेटकडे धावतात, कारण प्लेटवर दोनशे-अडीचशे व्होल्ट असतात. वाटेत तारेची एक जाळी असते, ग्रिड. या जाळीवर गाण्याचा इवलासा सिग्नल दिला की इलेक्ट्रॉनचा लोंढा त्याच्या तालावर कमी-जास्त होतो. आपल्याकडच्या माणसाला सांगायचं तर कालव्यावरचं गेट. फिरवायला एक माणूस पुरतो, पण खाली सुटणारं पाणी शिवारभर जातं. १९०४ मध्ये फ्लेमिंगनं दोन इलेक्ट्रोडचा व्हॉल्व्ह केला, १९०६ मध्ये ली डी फॉरेस्टनं त्यात तिसरा इलेक्ट्रोड घातला, आणि पुढची पन्नासेक वर्षं जगातला सगळा आवाज याच नळ्यांतून गेला. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर आला आणि हळूहळू नळ्या रिटायर झाल्या.

आता नावं. ती सांकेतिक भाषेसारखी वाटतात, पण युरोपियन पद्धत एकदा कळली की मजा येते. ईसीसी८३ घ्या. 'ई' म्हणजे हीटर ६.३ व्होल्टचा. 'सी' म्हणजे ट्रायोड, दोनदा 'सी' म्हणजे एकाच काचेत दोन ट्रायोड. आकडा ८ नं सुरू झाला म्हणजे खाली नऊ पिना. ईएल८४ मधला 'एल' म्हणजे आउटपुट पेंटोड, ईएम म्हणजे रेडिओचा तो हिरवा मॅजिक आय, ईझेड म्हणजे रेक्टिफायर. अमेरिकेत याच मंडळींची नावं वेगळी. ईसीसी८३ तिकडे १२एएक्स७, ईएल८४ तिकडे ६बीक्यू५. सातबाऱ्यावर एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं, तसला प्रकार. तेव्हा दोन वेगळे व्हॉल्व्ह समजून दोनदा पैसे घालवू नका. (मी घालवलेत.)

पहिली अट सर्किट. ईसीसी८३ चा ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर १००, ईसीसी८८ चा ३३ आणि ईसीसी८२ चा २० च्या आतबाहेर. ८२ च्या जागी ८३ टाकला की आवाज एकदम वाढतो आणि लोकांना वाटतं क्वालिटी वाढली! ८८ चं तर हीटरचं वायरिंगच वेगळं आहे, तो ८२-८३ च्या सॉकेटमध्ये जातो पण तिथे टाकायचा नसतो. पिना जुळल्या म्हणजे पत्रिका जुळली असं नाही. रशियन ६एन१पी हा ईसीसी८८ च्या जागी चालतो असं बरेच जण सांगतात, पण त्याचा हीटर ०.६ अँपिअर ओढतो आणि ईसीसी८८ चा ०.३६५. छोट्या अँपच्या ट्रान्सफॉर्मरला हा फरक झेपेलच असं नाही. तेव्हा अँप बनवणाऱ्यानं जे लिहून दिलंय ते आधी वाचा. आपण सॉफ्टवेअरवाले मॅन्युअल न वाचण्याबद्दल प्रसिद्ध आहोत, पण इथे एरर मेसेज येत नाही, धूर येतो.

दुसरी अट हेडफोन. खरा, कानाला कळणारा फरक बहुतेक वेळा इथे असतो आणि याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या व्हॉल्व्ह अँपचा आउटपुट इम्पीडन्स बराच असू शकतो. समजा १०० ओहम आहे. त्याला सेनहायझर एचडी ६५० जोडला. हा हेडफोन कागदावर ३०० ओहमचा, पण खालच्या सुरांत, ८०-१०० हर्ट्झच्या आसपास, त्याचा इम्पीडन्स पाचशेच्या घरात चढतो. साधं व्होल्टेज डिव्हायडरचं गणित केलं तर तिथे आवाज जवळजवळ एक डेसिबल वर येतो. तबल्याचा डग्गा जरा भरीव लागतो, तंबोरा जरा गोल लागतो, आणि आपण म्हणतो, "वा! काय ऊब आहे व्हॉल्व्हची!" ऊब खरीच आहे, पण ती या गणितातून आली. तोच अँप ३२ ओहमच्या हेडफोनला जोडला तर बहुतेक ताकद अँपमध्येच खर्ची पडते, आणि कानात घालायच्या बारक्या इअरफोनला जोडला तर गाण्याआधी सुस्कारा ऐकू येतो. म्हणून माझं सांगणं: हेडफोन ३०० ओहमच्या आसपासचा असेल तर ट्रान्सफॉर्मर नसलेला अँप चालेल. कमी ओहमचा असेल तर हायब्रिड घ्या, म्हणजे पुढे व्हॉल्व्ह आणि मागे ट्रान्झिस्टर किंवा ऑपअँप. किंवा मग आउटपुट ट्रान्सफॉर्मरवाला.

व्हॉल्व्हचा स्वतःचा म्हणून रंग असतो का? असतो. साधा सिंगल ट्रायोड सिग्नलमध्ये थोडी भेसळ करतो आणि ती मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकची असते. दुसरा हार्मोनिक म्हणजे वरचा सप्तक. गायकानं मध्य 'सा' लावला की व्हॉल्व्ह त्यात तार 'सा' चा एक थेंब टाकतो. कानाला ही भेसळ खटकत नाही, उलट गोड लागते. पण चांगल्या सर्किटमध्ये हा थेंबच असतो, आणि एकाच जातीच्या दोन धडधाकट व्हॉल्व्हमध्ये या थेंबाचा फरक किती? फार थोडा.

हे मी नुसतं पुस्तकी सांगत नाहीये. दोन वर्षांपूर्वी बायकोला कामाला लावलं. माझ्याकडे दोन ईसीसी८२ होते, एक नामांकित जर्मन आणि एक आपला भारतीय. मी पाठ फिरवून बसायचं, तिनं वाटेल तो लावायचा, पाच मिनिटं तापू द्यायचा, आवाजाची पातळी मोजून सारखी करायची, मग मी ओळखायचं. दहापैकी सहा बरोबर. नाणं उडवूनही इतके येतात. आणि खरी गोची अशी की पाच मिनिटांनी मागचा आवाज नीट आठवतच नाही. मग "हा जास्त खुला आहे, तो जास्त रेशमी आहे" असं आपण छातीठोकपणे सांगतो ते कशाच्या जोरावर? बायकोचा निष्कर्ष वेगळा होता: "एवढ्या वेळात अख्खा राग ऐकून झाला असता."

तिसरी अट तब्येत. हे मात्र शिकून घ्या, कारण जुना माल घेताना हेच कामाला येतं. काचेच्या आत, बहुधा वरच्या टोकाला, चंदेरी डाग असतो. तो गेटर, आत राहिलेली हवा शोषून घेणारा. डाग चकचकीत असेल तर ठीक, पांढरा दुधी पडला असेल तर आत हवा शिरली, नळी गेली. अँप चालू असताना पेन्सिलीनं हलकेच टिचकी मारा. कानात घंटेसारखं घुमलं तर तो व्हॉल्व्ह पुढच्या जागी नको, हेडफोनवर असली घुमी लगेच पकडली जाते. डावी-उजवी बाजू सारखी वाजते का ते बघा. पिना वाकलेल्या किंवा गंजलेल्या नकोत. आणि हो, नावावर भुलायचं नाही, कारण काचेवरची छपाई पुसून नवी करता येते. शिवाय त्या काळातही कंपन्या एकमेकींचा माल घेऊन त्यावर आपलं नाव छापत असत.

आता नांदेडची गोष्ट. एसजीजीएसला शिकलो तेव्हापासून मला अँप बनवायची खाज होती. नोकरी लागल्यावर, २००९ मध्ये, एक बनवला. पुढे ईसीसी८२, मागे ट्रायोडसारखे जोडलेले दोन ईएल८४, खाली आउटपुट ट्रान्सफॉर्मर. व्हॉल्व्ह आणायचे कुठून? बाबा म्हणाले, इतवाऱ्यात एक रेडिओवाले चाचा होते, बघ आहेत का. होते. गल्लीत अर्ध्या शटरचं दुकान, आत मिक्सर, पंखे, टीव्हीचे रिमोट. मी "ईएल८४" म्हणताच चाचांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पोटमाळ्यावरून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. त्यात जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले व्हॉल्व्ह. रेडिओचे, आणि बरेचसे सप्ताहाच्या, लग्नाच्या लाउडस्पीकर अँपचे.

बहुतेकांवर बीईएल छापलेलं. भारत इलेक्ट्रॉनिक्स, बंगळूर. १९५४ मध्ये सुरू झालेली आपली सरकारी कंपनी, १९६१ पासून तिथे रेडिओचे व्हॉल्व्ह बनायला लागले. आज परदेशातले शौकीन बीईएलचे व्हॉल्व्ह शोधून मागवतात. आपल्याकडे ते मेकॅनिकच्या पोटमाळ्यावर नाहीतर भंगारात. मी आजही कोणी विचारलं तर हेच सांगतो, आधी गावातला जुना मेकॅनिक गाठा. नवेच हवे असतील तर स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन इथे अजून बनतात. २०२२ च्या युद्धानंतर रशियन मालाची ओढाताण झाली आणि भाव चढले, तरीसुद्धा साध्या नव्या ईसीसी८२ साठी कर्ज काढावं लागत नाही.

चाचांकडे धडधाकट ईएल८४ एकच निघाला. मला जोडी हवी होती. पैसे देताना ते म्हणाले, "दूसरा किधर से लाओगे बेटा? चालू रेडिओ का नक्को निकालो." मी मान डोलावली.

आणि दोनच दिवसांनी तेच केलं.

लातूरला गंजगोलाईजवळ मामाचं घर. आजोबांचा व्हॉल्व्ह रेडिओ तिथे कोनाड्यात होता. आजोबांनी तो घेतला तेव्हा लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं (लातूर जिल्हा १९८२ मध्ये झाला) आणि रेडिओचं लायसन्स दरवर्षी पोस्टात जाऊन भरावं लागायचं. आजोबा जाऊन बारा वर्षं झाली होती. घरात टीव्ही होता. दिवाळीला गेलो, दुपारी सगळे झोपलेले, मागचा पुठ्ठा काढला, बीईएलचा ईएल८४ दिसला. अगदी जोडीला शोभेलसा. मनात म्हटलं, हा तसाही पडूनच आहे, पुढच्या खेपेला दुसरा आणून लावू. काढला, मोज्यात गुंडाळला, बॅगेत टाकला. रविवारी पुण्यात अँप सुरू झाला. पहिलं गाणं लागलं तेव्हाचा आनंद मी खोटं कशाला बोलू, प्रचंड होता.

दोन महिन्यांनी मामाचा फोन. "काय रे, रेडिओतलं काही काढून नेलास का तू?"

झालं होतं असं. आजी रोज संध्याकाळी तो रेडिओ लावायची. परभणी केंद्राच्या बातम्या आणि पुढे जे लागेल ते. मला हे ठाऊकच नव्हतं, कारण मी संध्याकाळी कधी तिच्याजवळ बसलोच नव्हतो. ई मालिकेचे व्हॉल्व्ह असलेल्या अशा रेडिओत सगळे हीटर समांतर जोडलेले असतात, त्यामुळे एक काढला तरी बाकीचे पेटतात. आजीनं बटण फिरवलं, डायलचा दिवा लागला. काटा परभणीवर आणला, मॅजिक आयचा हिरवा डोळा नेहमीसारखा मिटत आला, म्हणजे स्टेशन लागलं. फक्त आवाज नाही, कारण स्पीकर हलवणारा ईएल८४ पुण्यात माझ्या टेबलावर होता. आजीला एका कानानं आधीच कमी ऐकू यायचं. तिनं सरळ हिशोब केला की रेडिओ तर चालू आहे, म्हणजे दुसराही कान गेला.

तिनं कोणाला काही सांगितलं नाही. दोन महिने रोज संध्याकाळी रेडिओ लावून समोर बसायची, थोड्या वेळानं बंद करायची. बोलणं कमी केलं. शेवटी मामी कानाच्या डॉक्टरकडे नेते म्हणाली तेव्हा हे बाहेर आलं. "आई म्हणायली रेडिओचं काहीच ऐकू येईना," मामा सांगत होता. त्यानं स्वतः आवाज वाढवून बघितला, मागचा पुठ्ठा काढला, तर एक सॉकेट रिकामं.

त्याच रात्री पनवेल-नांदेड एक्स्प्रेस पकडली. सकाळी लातूरला उतरलो, व्हॉल्व्ह जागेवर बसवला. तीसेक सेकंद लागतात तापायला. ती तीस सेकंद मी आजीकडे बघितलं नाही. मग आधी खरखर, आणि मग आवाज आला. आजी म्हणाली, "बरं झालं बाबा. मला वाटलं माझेच कान गेले." रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

आजी २०१४ मध्ये गेली. तो व्हॉल्व्ह अजून त्याच रेडिओत आहे. माझ्या अँपमध्ये एका बाजूला चाचांचा बीईएल आणि दुसऱ्या बाजूला नवा स्लोव्हाकियाचा. जोडी अजिबात जुळत नाही, आणि खरं सांगतो, गाताना मला ते कळतही नाही. :-)

मग एवढं सगळं असताना व्हॉल्व्ह ठेवायचाच कशाला? मला आवडतो म्हणून. शनिवारी रात्री अँप लावला की तापेपर्यंत थांबावं लागतं, आणि तेवढ्यात मी फोन बाजूला ठेवतो. काचेतला तांबूस उजेड बघायला बरा वाटतो. पन्नासच्या दशकातली गाणी मुळात व्हॉल्व्हच्याच यंत्रांवर रेकॉर्ड झालेली, ती पुन्हा व्हॉल्व्हमधून ऐकताना उगाच घरी आल्यासारखं वाटतं. नांदेडला अँप नेतो तेव्हा दिवाळी ते होळी एवढाच सीझन. मे महिन्यात बेचाळीस डिग्रीत दोन ईएल८४ शेजारी घेऊन बसणं म्हणजे शेगडी घेऊन बसणं. व्होल्टेजचीही काळजी घ्या. २३० चे १९० झाले तर ६.३ च्या हीटरला ५.२ च मिळतात, २६० झाले तर ७.१. दहा टक्क्यांच्या आत ठेवायचं असतं, तेव्हा महागड्या व्हॉल्व्हच्या आधी चांगला स्टॅबिलायझर घ्या. आणि झाकण उघडण्याआधी प्लग काढा, कपॅसिटर रिकामे होऊ द्या. अडीचशे व्होल्ट डीसी चेष्टा समजत नाही.

तर मित्रा, तुझ्या अँपचं मॅन्युअल काढ, त्यात दिलेल्या जातीची साधी, तपासलेली जोडी घे. उरलेल्या पैशांत गाणी घे. आजोबांच्या रेडिओला हात लावू नकोस, आणि खूप वर्षं बंद असेल तर एकदम प्लगही लावू नकोस, आधी एखाद्या जाणत्या मेकॅनिकला दाखव. पण त्याच्याही आधी घरी फोन करून विचार, कोणी लावतं का तो अजून.

सोमवारी सांग मला. कॉफी माझ्याकडून.